एस्तेरबाई तीनदा वाचायच्या

इरा, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, पण ते फिक्शन आहे ना? नाव पण चेंज केलंय मी. मग ती का रुसली?" मैत्रिणीनं विश्वासानं सांगितलेली तिच्या घरातली गोष्ट तू शाळेच्या मासिकातल्या कथेत घातलीस आणि ती आठवडाभर तुझ्याशी बोललेली नाही. तुला माझ्याकडून एका वाक्यात निकाल हवा होता. मी म्हणाले, "लिहून पाठवते." त्यावर तू हसलीस, "आजी, तू आणि तुझे एसेज!" आणि फोन तुझ्या धाकट्या भावाकडे, मल्हारकडे दिलास.

निकाल माझ्याजवळ नाही. पण ज्यांच्याजवळ एक नियम होता, आणि ज्यांनी तो आधी मोडला आणि मग पाळला, अशा एक बाई मला माहीत होत्या. एस्तेर साळवे. तुला त्या आठवणार नाहीत. तू दहा महिन्यांची असताना त्यांच्या कादंबरीच्या चौथ्या प्रकरणावर दूध ओकली होतीस. मी शरमेनं अर्धी झाले. त्यांनी कागद झटकला आणि म्हणाल्या, "हिचं बरोबर आहे बाई. ते प्रकरण मलाही पचलेलं नाही."

ते साल २००४. तुम्ही तेव्हा एडिसनला होतात. बाबा सकाळच्या गाडीनं न्यूयॉर्कला जायचा, आई कार घेऊन तिच्या ऑफिसला आणि मी तुला बाबागाडीत घालून ग्रंथालयात. तिथल्या फळ्यावर एक चिठ्ठी होती: 'ख्रिश्चन फिक्शन रायटर्स. या, ओळख करून घ्या. कॉफी मिळेल.' बत्तीस वर्षं साताऱ्यात इंग्रजी शिकवलेली मी. मला वाटलं, ख्रिश्चन नावाच्या कुणा कादंबरीकाराशी ओळख करून देणार असतील. आपल्याकडे असतो तसा कार्यक्रम असेल, टेबलावर हार, प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय. विशेषण आणि विशेषनाम यांतला फरक मी दरवर्षी आठवीच्या मुलींना शिकवत असे, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

दार ढकललं तर आत ना हार ना पाहुणे. लांबट टेबलाभोवती तीन म्हातारी माणसं. त्यांतली एक बाई, अंबाडा, पँट, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, अगदी शांत आवाजात इंग्रजीत म्हणत होती, "गुरुवारपर्यंत पाळकाला मारलंच पाहिजे. बायकोला अजून संशय आलेला नाही."

"विष?" शेजारच्या उंच गृहस्थांनी विचारलं.

"नको. घोड्यावरून पाडते."

"घोडा छान," तिसरी बाई डोनटचा तुकडा मोडत म्हणाली.

मी बाबागाडीचा दांडा घट्ट धरला आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अगं बाई गं!"

अंबाडा वळला. "अय्या, मराठी! घाबरू नका, कादंबरीतला पाळक आहे. कुठल्या तुम्ही? मी नगरची. बसा. डोनट घ्या. अंडं चालतं ना?"

ही आमची पहिली भेट. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू, हा शब्दही मला त्यांच्याकडूनच कळला. उंच गृहस्थ म्हणजे वॉल्टर, निवृत्त बसचालक. डोनटवाली कॅरॉल ही निवृत्त शाळामास्तरीण, चिठ्ठी तिनंच लावली होती. मी काय लिहिते असं तिनं विचारलं. मी म्हणाले, "पत्रं." तर तिनं टाळीच वाजवली. "पत्रात्मक कादंबरी! वॉल्टर, आपल्याकडे कुणी पत्रात्मक नव्हतंच!" मला तो गैरसमज दूर करता आला नाही. पुढे दोन्ही खेपांना मी त्या गटात 'पत्रात्मक' म्हणूनच वावरले.

दर गुरुवारी दहाला बैठक. प्रत्येकानं आठवड्यात लिहिलेलं वाचायचं, इतरांनी बोलायचं. आणि त्यांच्या धंद्याचे नियम ऐकून मी थक्क व्हायची. ही पुस्तकं छापणाऱ्यांना त्यांत शिवी चालत नाही, दारू चालत नाही, नायक-नायिका एका खोलीत असतील तर दार उघडं लागतं. वॉल्टर जगाच्या अंताची कादंबरी लिहीत होता. प्रत्येक प्रकरणात एखादं शहर बेचिराख करायचा. पण आकाशातून आग कोसळत असताना त्याचा खलनायक म्हणायचा, "अरेरे, काय ही कटकट!"

"वॉल्टर, अर्धं जग जळतंय," एस्तेरबाई म्हणायच्या, "आणि हा माणूस चहात माशी पडल्यासारखं बोलतोय."

"मग काय म्हणू? तो शब्द छापत नाहीत."

"मग गप्प ठेव. गप्प बसलेला माणूस जास्त वाईट दिसतो."

हे वाक्य मी तेव्हा माझ्या वहीत उतरवून घेतलं होतं, गंमत म्हणून.

एस्तेरबाई स्वतः नेब्रास्कातल्या गवताळ रानावरच्या प्रेमकथा लिहायच्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या, घोडागाड्या नि लाकडी घरांच्या. त्या नेब्रास्काला कधी गेल्या, असं मी विचारलं.

"कशाला जायचं?"

"अहो, मग तिथलं गवत, ती माती..."

"नगरचं माळरान बघितलंय मी. गवत ते गवत. पटत नसेल तर म्हशीला विचारा."

त्यांचे गुराखी त्यामुळे घरात शिरताना बूट दाराबाहेर काढायचे. आल्यागेल्याला आधी पाण्याचा तांब्या यायचा, मग विचारपूस. एकदा तर नायकाची आई तिन्हीसांजेला झाडू मारायला मनाई करते, असं त्यांनी लिहिलं. कॅरॉलनं कागदावर पेन्सिलीनं खूण केली. "एस्तेर, संध्याकाळी झाडू का मारायचा नाही?"

"लक्ष्मी जा..." एस्तेरबाई अर्ध्यावर थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "धुळीनं दम लागतो तिला." मग मराठीत मला, "पाच पिढ्या झाल्या बाई आम्हाला ख्रिस्ती होऊन. झाडू अजून हिंदूच आहे."

त्या आधी सगळं मराठीत लिहायच्या, रेघी वहीत, निळ्या शाईनं. मग स्वतःच इंग्रजी करायच्या आणि ते इंग्रजी मी तपासायचं असं ठरलं. त्यासाठी मी शुक्रवारी तुला घेऊन त्यांच्या घरी जायची. यजमान वारलेले, एकट्याच राहायच्या. आणि त्या घरातली पहिली गोष्ट जी मला विचित्र वाटली ती म्हणजे चहा. कट्ट्यावर साखरेचा डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत चिकटवलेलं नाव. त्यांनी डबा उचलला आणि मोठ्यानं वाचलं, "साखर." झाकण काढून चमचा आत घालण्याआधी पुन्हा, "साखर." डबा जागेवर ठेवताना तिसऱ्यांदा, "साखर." मग चहापत्तीचं तेच. मग दुधाचं. मला वाटलं, नजर गेली असावी. नाही. मी बारीक अक्षरात काढलेली चूक त्या चष्म्याशिवाय दाखवायच्या.

"हे काय हो?" मी न राहवून विचारलं.

"सवय. नर्स होते ना. घेताना एकदा, ओतताना एकदा, ठेवताना एकदा. ट्रेनिंगमध्ये शिकवतात."

"पण साखर?"

"साखरेसारखं दिसणारं पुष्कळ असतं बाई."

मी हे तुझ्या आईला हसत हसत सांगितलं होतं. महिनाभर आपल्या घरात मीठ, हळद, सगळं तीनतीनदा मोठ्यानं वाचून मगच भांड्यात पडत होतं. आज ते आठवलं की मान खाली जाते.

नर्सच्या पेशावरून वॉल्टर त्यांना नेहमी डिवचायचा. "तीस-पस्तीस वर्षं वॉर्डात काढलीस. तुझ्या सहा कादंबऱ्यांत मिळून एक डॉक्टर नाही, एक इंजेक्शन नाही. तुझी माणसं ताप आला की थेट बरी होतात नाहीतर थेट मरतात."

"हॉस्पिटलचा मला कंटाळा आहे."

"मी बसमध्ये आयुष्य काढलं, तर माझ्या प्रत्येक प्रकरणात बस आहे."

"आणि प्रत्येक बस पुलावरून पडते. प्रवासी बरे वाचले तुझे."

आता त्या गटाची एक चाल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वाचन सुरू होण्याआधी प्रत्येकानं एक प्रार्थना-विनंती सांगायची. म्हणजे आपली एक अडचण, तिच्यासाठी सगळे मिळून प्रार्थना करणार. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "मी ख्रिस्ती नाही." एस्तेरबाई म्हणाल्या, "ते देवाला माहीत आहे. तुम्ही विनंती सांगा." मी तुझे दात सांगितले.

पण विचार कर इरा, हे लेखक होते. लेखकांच्या टेबलावर दर आठवड्याला कुणीतरी आपलं खरं दुखणं आणून ठेवत होतं. मांजरांपुढे दुधाची पातेली. म्हणून एस्तेरबाईंनी एका पुठ्ठ्यावर नियम लिहून तो टेबलावर उभा केला होता: 'इथे प्रार्थनेत सांगितलेलं गोष्टीत जाणार नाही.' वॉल्टरनं एकदा कॅरॉलच्या गुडघ्याचं ऑपरेशन आपल्या कादंबरीतल्या ख्रिस्तविरोधकाच्या, म्हणजे त्याच खलनायकाच्या, सेक्रेटरीला दिलं. कॅरॉल स्वतः हसत होती. एस्तेरबाई हसल्या नाहीत. त्यांनी वॉल्टरला तिथल्या तिथे गुडघा खोडून खांदा लिहायला लावला.

"फक्त गुडघा होता गं," वॉल्टर कुरकुरला.

"तिनं तो देवाला सांगितला होता. तुला नाही."

घरी परतताना त्यांच्या गाडीत मला त्यांनी नगरी मराठीत समजावलं. "आमच्यात साक्ष देतात. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून, माझ्या आयुष्यात देवानं हे केलं, असं सांगतात. माझी आई म्हणायची, साक्ष आपली आपण द्यायची. दुसऱ्याची देतो तो चहाडखोर."

मी सहा महिन्यांनी परत गेले. पुन्हा आले ती २००६ च्या उन्हाळ्यात, मल्हार झाल्यावर. एस्तेरबाई विमानतळावरून आलेल्या माझ्या बॅगा उघडायच्या आधीच दारात उभ्या. हातात हस्तलिखित. अडुसष्ट वर्षांच्या बाईचा चेहरा मी इतका उजळलेला पाहिला नव्हता. सहा कादंबऱ्या प्रकाशकांकडून परत आल्या होत्या. सातवीची तीन प्रकरणं एका लेखक-संमेलनात कुणा संपादिकेनं वाचली आणि पूर्ण पुस्तक मागवलं होतं. "मरायच्या आधी एक पुस्तक, बाई," त्या म्हणाल्या. "कपाटात नको. दुकानात. फक्त एक. ती मुलगी म्हणाली, कुंपणाचं प्रकरण वाचून मी रडले. ते आहे म्हणून पुस्तक आहे."

कुंपणाचं प्रकरण मी दुसऱ्या दिवशी, मल्हार झोपल्यावर, लाल पेन घेऊन वाचायला बसले. एक म्हातारी आई, तिचा तरुण मुलगा. मुलाच्या हातून काही वाईट घडतं आणि आईच त्याला शेरीफच्या, म्हणजे तिथल्या फौजदाराच्या, हवाली करते. शिक्षा भोगून तो परततो, शेजारच्या शेतावर राहतो, आईशी बोलत नाही. दर रविवारी आई त्याच्या कुंपणाशी जाऊन उभी राहते. तो बाहेर येतो. अलीकडे ती, पलीकडे तो. दोघं बोलत नाहीत. थोड्या वेळानं तो आत जातो, ती घरी येते. तिला एवढंच पुरतं, की तो बाहेर आला.

मी लाल पेन खाली ठेवलं.

हे कॅरॉलचं होतं. आदल्या खेपेला, डिसेंबरातल्या एका गुरुवारी, तिनं विनंती सांगितली होती. तिचा डॅनी दारू पिऊन गाडी चालवायचा. एके दिवशी तो किल्ल्या घेऊन निघाला, तेव्हा तिनं स्वतः पोलिसांना फोन केला. त्याला तुरुंगवास झाला. सुटल्यापासून नऊ वर्षं तो तिच्याशी बोललेला नव्हता. दर रविवारी ती त्याला फोन करायची. तो उचलायचा. दोघंही बोलायचे नाहीत. तिला त्याच्या घरातल्या टीव्हीचा आवाज ऐकू यायचा. मिनिटभरानं तो फोन ठेवायचा. "तो उचलतो," कॅरॉल म्हणाली होती, "एवढ्यासाठी आभार माना." एस्तेरबाईंनीच तेव्हा तिचा हात धरून प्रार्थना केली होती.

फोनच्या जागी कुंपण. बाकी सगळं तेच. आणि पुठ्ठ्यावरचा नियम ज्यांच्या अक्षरात होता, त्यांनीच हे केलं होतं.

शुक्रवारी मी त्यांच्याकडे गेले. त्या साखर वाचत होत्या. मी म्हणाले, "एस्तेरबाई, हे कॅरॉलचं आहे."

त्यांचा डबा ठेवणारा हात हवेतच राहिला. मग तो डबा जागेवर गेला, पण तिसऱ्यांदा 'साखर' काही आलं नाही. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुम्ही व्याकरण बघा, बाई."

माझ्या उभ्या आयुष्यात माझा असा अपमान कुणी केला नव्हता. मी चहा न घेता मल्हारला उचललं आणि बाहेर पडले. त्या अडवायलाही आल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी मी गेले नाही. तुझी आई म्हणाली, "आई, लेट इट गो ना, ते त्यांचं त्यांचं आहे." पण माझ्या डोळ्यांपुढून तो थांबलेला हात जाईना. त्या एका पुस्तकासाठी माणूस काय काय करेल, आणि मी तोंड उघडलं तर त्यांचं ते एकुलतं पुस्तक जाणार, या दोन गोष्टींच्या मध्ये मी दोन आठवडे चरफडत काढले.

तिसऱ्या गुरुवारी मी गेले. ठरवलं होतं की कॅरॉलला सांगायचं नाही आणि एस्तेरबाईंना विचारायचं नाही, गप्प बसायचं. बसले. विनंत्यांची वेळ आली तेव्हा एस्तेरबाई उभ्या राहिल्या. त्या बैठकीत कुणी उभं राहत नसे. त्या म्हणाल्या, "माझी विनंती अशी, की कॅरॉलनं हे ऐकावं." आणि त्यांनी कुंपणाचं प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं.

माझी नजर टेबलावरून वर येईना. वॉल्टरच्या कपातली कॉफी तशीच राहिली. वाचन संपलं. कॅरॉल ओरडेल, रडेल, निघून जाईल, मी कशाचीही तयारी केली होती. तिनं हात पुढे केला, कागद मागून घेतला आणि पेन्सिल काढली.

"इथे तू लिहिलंस, तो तिच्याकडे तोंड करून उभा राहतो," ती म्हणाली. "मला ते माहीत नाही. तो कुठे तोंड करतो, मला कधीच कळलेलं नाही."

तिनं पान उलटलं.

"शेवटी ते बोलतात का? तुझ्या पुस्तकात?"

"बाविसाव्या प्रकरणात," एस्तेरबाई म्हणाल्या. "तो कुंपणावरून उडी मारून येतो."

कॅरॉलनं कागद परत केला. "मग हे काढ, एस्तेर. माझं घेतलंस ते मी सोसते. पण माझं घेऊन तिला तो मिळवून देऊ नकोस. दुकानात ते पुस्तक दिसलं तर मी काय करू?"

"काढते," एस्तेरबाई म्हणाल्या आणि बसल्या. मग कॅरॉलनं तिची विनंती सांगितली. तीच, नेहमीची, रविवारची. आणि एस्तेरबाईंनी प्रार्थना करण्यासाठी तोंड उघडलं, पण त्यांना एक शब्द फुटला नाही. त्या दिवशी प्रार्थना वॉल्टरनं केली. जग जाळणारा माणूस, दोन वाक्यांत आटोपली.

निघताना त्यानं त्यांना गाठलं. "आता तिथे भोक पडणार. त्या जागी काहीतरी खरं लागेल, नाहीतर ती संपादिका ओळखेल. तुझं काही घाल की. कुणाचं उसनं नको."

एस्तेरबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मला वाटलं त्या त्याला मारणार.

पुढे तीन गुरुवार त्यांनी काही आणलं नाही. मलाही शुक्रवारी बोलावलं नाही. चौथ्या गुरुवारी त्या आल्या, विनंती सांगितली नाही, पर्समधून पाच पानं काढली. मी ती तपासलेली नव्हती. त्यांत इंग्रजीची एकही चूक नव्हती.

गवताळ रान नव्हतं, घोडे नव्हते. कोरड्या मुलखातलं एक छोटं हॉस्पिटल होतं. बावीस वर्षांची एक नर्स. औषधांच्या कपाटात शेजारी शेजारी दोन तपकिरी बाटल्या, सारख्या बुचांच्या. सात वर्षांची मुलगी, तापानं फणफणलेली, नर्सचा पदर धरून 'ताई, दुखेल का?' विचारणारी. घाई होती. नर्सनं बाटलीवरचं नाव एकदाही वाचलं नाही. मुलगी दुपारपर्यंत गेली. कपाटाची किल्ली घेतल्याची वहीतली सही त्या दिवशी दुसऱ्या नर्सची होती. मेट्रननं दोघींना उभं करून विचारलं. दुसरी म्हणाली, "मी नव्हते." पहिली काहीच बोलली नाही. दुसरीला त्याच संध्याकाळी ट्रंक घेऊन गावी पाठवलं. पहिलीला पुढे चांगलं प्रमाणपत्र मिळालं, त्याच्या जोरावर ती परदेशी गेली. दुसरीचं नाव सगुणा होतं.

एस्तेरबाईंनी पानं जुळवून टेबलावर ठेवली. "मी पहिली," त्या म्हणाल्या.

इरा, मी सत्तरीत पोचलेली बाई होते, मृत्यू पाहिले होते, आजारपणं पाहिली होती. पण त्या क्षणी जे झालं तसं मला कधी झालं नाही. माझ्या कानांत त्यांचा आवाज येत होता, साखर, साखर, साखर. आणि मी घरी मीठ वाचून हसत होते. 'गप्प बसलेला माणूस जास्त वाईट दिसतो.' तेही मी गंमत म्हणून वहीत उतरवलं होतं.

"सगुणा हे नाव खरं आहे?" कॅरॉलनं विचारलं.

"हो."

"ते तरी बदल."

"सेहेचाळीस वर्षं मी ते बदलूनच ठेवलंय, कॅरॉल."

त्यांना कुणी 'देवानं क्षमा केली' म्हणालं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. ते वाक्य त्या खोलीत फार सहज म्हटलं जाई. वॉल्टर उठला, सगळ्यांचे कप गोळा केले आणि कोपऱ्यातल्या नळाखाली कितीतरी वेळ धूत बसला. कॅरॉल म्हणाली, "तुझी संपादिका हे घेणार नाही."

"नाही घेणार," एस्तेरबाई म्हणाल्या.

नाहीच घेतलं. पत्र मी वाचलं. लिखाण फार सुंदर आहे, पण आमच्या वाचकांना प्रेम करता येईल अशी नायिका लागते, कुंपणाचं प्रकरण परत घालाल का, असं त्या मुलीनं अगदी गोड भाषेत विचारलं होतं. एस्तेरबाईंनी 'नाही' असं एका शब्दाचं उत्तर पाठवलं. मी त्यांना वाक्य पूर्ण करायला सुचवलं. त्या म्हणाल्या, "बाई, यात व्याकरण नाही."

त्यांचं पुस्तक दुकानात आलेलं मी तरी पाहिलं नाही. कॅरॉलला डॅनीनं पुढे हाक मारली का, तेही मला माहीत नाही. मी भारतात परत येईपर्यंत तरी रविवार तसेच चालू होते.

माझं परतीचं विमान नोव्हेंबरात होतं. त्याआधीच्या आठवड्यात एस्तेरबाईंचा फोन आला, ओक ट्री रोडवर, त्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, भेटाल का. मला वाटलं भाजी घ्यायची असेल. वाण्याच्या दुकानाबाहेर त्या उभ्या होत्या, कोट, पांढरे बूट, थंडीनं नाक लाल. त्यांनी नगरच्या एका पाळकांना लिहून सगुणाबाईंचा पत्ता मिळवला होता आणि त्यांना पत्र लिहिलं होतं. जालन्याकडचं एक गाव. त्या हयात होत्या. एवढंच कळलं होतं, अधिक नाही.

मी व्यवहारी बाई. म्हणाले, "मग ते पत्र माझ्याकडे द्या. मी मंगळवारी निघतेच आहे. इथून टपालानं पोचायला किती दिवस लागतील कोण जाणे. हवं तर मी स्वतः जाऊन हातात देईन."

"नको बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाल, चार शब्द माझ्या बाजूनं बोलाल. चांगल्या आहात म्हणून बोलाल."

कोपऱ्यावर निळी टपालपेटी होती. तिथवर आम्ही चालत गेलो. त्यांनी पर्समधून पाकीट काढलं. वर इंग्रजीत पत्ता, खाली मराठीत, निळ्या शाईनं. ते त्यांनी डोळ्यांसमोर धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "सगुणा."

पेटीचं जड झाकण ओढलं, पाकीट कडेवर टेकवलं. पुन्हा वाचलं, "सगुणा."

मग हात सोडला. झाकण आपटलं. त्यांनी ते परत उघडून पाकीट आत पडल्याची खात्री केली आणि मिटलं. तिसऱ्यांदा वाचायला आता हातात काही नव्हतं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, दुकानातून गाणी ऐकू येत होती, कुणी बाई कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन आमच्या मधून वाट काढून गेली. एस्तेरबाई त्या बंद निळ्या पेटीसमोर दोन्ही हात मोकळे सोडून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले, आणि त्यांनी ते तिसऱ्यांदा म्हटलं.